डोंगरापलीकडचं घराणं: अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या कुटुंबाचं मूळ जुन्या दप्तरांतून कसं शोधावं

तुमचा जावई, सून किंवा जोडीदार अमेरिकन असेल आणि त्यांचं घराणं केंटकी, टेनेसी, इंडियाना अशा भागातलं असेल, तर एक वाक्य तुमच्या कानावर नक्की आलं असेल: ‘‘आमचे पूर्वज व्हर्जिनियातून आले म्हणतात. त्याआधीचं कुणालाच माहीत नाही.’’ नातवंडांची वंशावळ लिहायला घेतली की ती बाजू १८२०च्या आसपास येऊन अडते. माझ्या सासरच्या घराण्यासाठी मी हे काम बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला नीट वाट दाखवणारं कुणी भेटत नाही आणि इंटरनेटवर चुकीच्या वाटाच जास्त सापडतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हे काम अडतं का, ते आधी समजून घ्या. १७७५ मध्ये डॅनियल बून नावाचा शिकारी-वाटाड्या आणि त्याच्या माणसांनी कंबरलंड गॅप या खिंडीतून केंटकीत जाणारी वाट पाडली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हजारो कुटुंबं अ‍ॅपलेशियन डोंगर ओलांडून शॉनी, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांच्या मुलखात शिरली. एका ओढ्याकाठी चार वर्षं, मग दुसऱ्या ओढ्याकाठी सहा वर्षं, असं त्यांचं राहणं. जन्माची सरकारी नोंद नव्हती. केंटकीत राज्यभरची जन्म-मृत्यू नोंदणी १९११ साली सुरू झाली. चर्च थोडी, त्यांची दप्तरं त्याहून थोडी. मात्र या माणसांना जमीन हवी होती, जमिनीवर कर होता, करासाठी यादी होती आणि जमिनीवरून भांडणंही भरपूर होती. त्यामुळे या मुलखातला माणूस आधी जमिनीवरून शोधायचा, नावावरून नंतर. माझं मुख्य सांगणं हेच आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

उदाहरणासाठी अब्राहम लिंकनचं घराणं घेते. ते याच मुलखातलं आहे आणि त्याचा कागद न् कागद तपासला गेला आहे. डिसेंबर १८५९ मध्ये लिंकनने स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १७८१-८२च्या सुमारास केंटकीत आले, वर्ष-दोन वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेले, त्यांचे पूर्वज क्वेकर पंथाचे आणि पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतले होते, असं त्यात आहे. न्यू इंग्लंडातल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण दोन्हीकडे मॉर्डेकाय, अब्राहम, लीवाय अशी सारखी नावं असण्यापलीकडे काही हाती लागलं नाही, असंही तो लिहितो. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या माणसाला स्वतःच्या घराण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. म्हणजे तुमच्या घरच्यांना ठाऊक नसेल तर त्यात नवल नाही.

हाताशी काय काय हवं

- घरातले कागद: कौटुंबिक बायबलची नोंदींची पानं, मृत्यूचे दाखले, जुनी खरेदीखतं, पत्रं, थडग्यांचे फोटो.
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरचं खातं. ते मोफत आहे आणि पुण्यात बसूनही चालतं. काही पानं मात्र त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयातच उघडतात.
- अमेरिकेत राहत असाल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड. अ‍ॅन्सेस्ट्री या पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या संकेतस्थळाची वाचनालयासाठीची आवृत्ती बऱ्याच ठिकाणी फुकट वापरता येते.
- शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने केलेला काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशासंग्रह. तोही मोफत.
- केंटकी लँड ऑफिस, लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया आणि केंद्र सरकारच्या जनरल लँड ऑफिसच्या नोंदी, या तिन्ही संकेतस्थळांच्या खुणा ब्राउझरमध्ये जपून ठेवा.
- एक वही किंवा स्प्रेडशीट. प्रत्येक नोंदीपुढे काउंटी, पुस्तक, खंड, पान आणि ती कधी पाहिली ते लिहायचं. काही सापडलं नाही तर तेही लिहायचं, नाहीतर वर्षाने तेच पुस्तक पुन्हा चाळत बसाल.

१. आजपासून मागे जा, मधली पिढी गाळू नका

मूळपुरुषापासून खाली येण्याचा मोह फार होतो, विशेषतः त्याच आडनावाचा एखादा प्रसिद्ध माणूस असला की. तसं करू नका. आजच्या पिढीपासून एकेक पायरी मागे जा आणि प्रत्येक पायरीवर ‘हा त्याचा मुलगा’ हे सांगणारा त्या काळातला कागद हातात घ्या.

इंटरनेटवरच्या तयार वंशावळी पाहायला हरकत नाही, पण त्यांचा उपयोग कुठे शोधायचं हे कळण्यापुरताच. एकाने अंदाजाने जोडलेलं नाव शंभर जण उतरवून घेतात आणि मग ते शंभर ठिकाणी दिसतं म्हणून खरं वाटू लागतं. छापील पुस्तकांचंही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काउंट्यांचे इतिहास बऱ्याचदा वर्गणीदारांनी सांगितलेली माहिती तशीच छापत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह अँजू नावाचा माणूस पैसे घेऊन श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी तयार करून देत असे. त्यातल्या काही आजही खऱ्या म्हणून फिरतात. तीन भाऊ जहाजातून आले, पणजी चेरोकी राजकन्या होती, एलिस बेटावर आडनाव बदललं, या गोष्टी घरोघरी ऐकू येतात. न्यूयॉर्कच्या बंदरातलं एलिस बेटाचं, स्थलांतरितांची तपासणी करणारं स्थानक १८९२ साली उघडलं. ज्यांचे पूर्वज १७८०च्या दशकात केंटकीत होते, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरातली कथा लिहून ठेवा, पण वेगळ्या पानावर.

२. आधी काउंटीची हद्द, मग माणूस

नवखे लोक सर्वांत जास्त वेळ इथे घालवतात. अमेरिकेत जमीन, लग्न, वारसा ही सगळी दप्तरं काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये असतात. आणि सरहद्दीवर काउंट्या सतत फुटत होत्या. कुटुंब जागचं हलत नाही, पण त्याचे कागद तीन वेगवेगळ्या कोर्टहाउसमध्ये जातात.

लिंकन घराण्याचंच पाहा. पणजोबा जॉन लिंकन १७६८ साली व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकवर आला तेव्हा ती ऑगस्टा काउंटी होती. रॉकिंगहॅम काउंटी १७७८ साली तिच्यातून निघाली. त्याआधी घराणं पेनसिल्व्हेनियात ज्या जागी राहत होतं ती आज बर्क्स काउंटीत आहे, पण बर्क्स काउंटी जन्माला आली १७५२ साली. जॉनचे वडील मॉर्डेकाय १७३६ साली वारले तेव्हा ती जागा फिलाडेल्फिया काउंटीत होती. बर्क्सच्या कोर्टहाउसमध्ये त्यांचं मृत्युपत्र शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही. खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंकनचा जन्म १८०९ साली हार्डिन काउंटीत झाला. ती जागा १८४३ पासून लारू काउंटीत आहे. आणि संपूर्ण केंटकीच १ जून १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होतं, त्यामुळे आधीच्या जमिनीच्या बऱ्याच नोंदींसाठी व्हर्जिनियाची दप्तरं पाहावी लागतात.

आता लग्नाची गोष्ट. लिंकनच्या आई-वडिलांचं, म्हणजे थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांचं, लग्न रीतसर झालंच नव्हतं अशी कुजबुज कित्येक वर्षं चालू होती, कारण नोंद सापडत नव्हती. कुटुंब हार्डिन काउंटीत राहत होतं म्हणून लोक तिथेच शोधत होते. शेवटी १८७०च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टन काउंटीतल्या स्प्रिंगफील्डच्या कोर्टहाउसमध्ये पाद्री जेसी हेड यांनी कळवलेली नोंद मिळाली. लग्न १२ जून १८०६ रोजी झालं होतं. नॅन्सी त्या काउंटीत राहत होती आणि लग्न मुलीकडे व्हायचं. नोंद सगळा वेळ जागेवरच होती.

तेव्हा प्रत्येक पूर्वजाच्या प्रत्येक मुक्कामासाठी त्या-त्या वर्षाचा काउंटीचा नकाशा पाहा. मूळ काउंटी कोणती, तिच्यातून कधी आणि कोणत्या काउंट्या निघाल्या, याची नोंद करून सगळ्यांच्या दप्तरांत शोधा. लग्नासाठी मुलीकडची काउंटी विसरू नका.

३. जनगणना वाचण्याची पद्धत

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८५० पासून गुलामगिरीत नसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य मिळतं. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आई-वडिलांचा जन्म कुठला तेही मिळतं. म्हणून १८८० मध्ये हयात असलेली पूर्वजाची सगळी भावंडं शोधा. त्यांनी आई-वडिलांचं जन्मस्थान काय सांगितलं ते एकमेकांशी ताडून पाहा.

१७९० ते १८४० या याद्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी घर म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. त्या आकड्यांतला प्रत्येक मुलगा त्याच माणसाचा असं धरू नका. पुतणे, जावई, मजूर, अनाथ पोरं, सगळी त्यात मोजलेली असतात.

काही याद्या मुळातच राहिलेल्या नाहीत. केंटकीची १७९० आणि १८०० ची जनगणना नष्ट झाली आहे. व्हर्जिनियाची १७९० ची नाही, टेनेसीची १८१० ची एक-दोन काउंट्यांचा अपवाद सोडला तर नाही. १८९० ची बहुतेक सगळ्या देशाची वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत गेली. ‘१७९० ची केंटकी जनगणना’ अशा नावाने जे छापलेलं दिसतं, ते कराच्या याद्यांवरून नंतर जुळवलेलं आहे.

४. कराच्या याद्या वर्षामागून वर्ष पाहा

माझ्या मते सरहद्दीवरच्या घराण्यासाठी यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि नवखे लोक इकडे फिरकतही नाहीत. व्हर्जिनियात १७८२ पासून जमिनीची आणि जंगम मालमत्तेची अशा दोन याद्या होऊ लागल्या. केंटकीने तीच रीत पुढे चालवली. जनगणनेत माणूस दहा वर्षांतून एकदा दिसतो, इथे जवळजवळ दरवर्षी.

एकच यादी पाहून काही कळत नाही. सलग वीस वर्षं काढा आणि त्या आडनावाचं प्रत्येक नाव तक्त्यात मांडा. मग गोष्टी दिसू लागतात. एकवीस वर्षांवरच्या पुरुषांचा रकाना असतो आणि सोळा ते एकवीस वयाच्या मुलांचाही. एखाद्याच्या घरात सोळावरचा एक मुलगा चार-पाच वर्षं मोजला जातो, नंतर तो आकडा जातो आणि त्याच वर्षी त्याच आडनावाचा एक नवा तरुण स्वतंत्रपणे यादीत येतो. बाप-लेकाचं नातं सांगणारा हा पुरावा नसला तरी मजबूत धागा आहे. एखाद्या वर्षी पुरुषाच्या जागी बाईचं नाव आलं तर तो त्या दरम्यान वारला. त्या वर्षाच्या वारशाच्या नोंदी काढा. नाव अचानक गायब झालं तर शेजारच्या काउंटीत, नाहीतर ओहायो नदीपलीकडे शोधा.

व्हर्जिनियाच्या काही याद्यांत कर आकारणारा अधिकारी कोणत्या तारखेला त्या घरी गेला तेही असतं. एकाच तारखेची घरं बहुधा एकमेकांच्या जवळची. केंटकीच्या याद्यांत जमीन कोणत्या ओढ्यावर आहे आणि मूळ दावा, मोजणी व सनद कुणाच्या नावे झाली याचे रकाने असतात. समजा, थॉमस नावाचा कुणी जमीन कसतो आहे आणि सनद दुसऱ्याच कुणाच्या नावे आहे, तर तो दुसरा कोण, याचा शोध लगेच घ्या. सासरा निघण्याची शक्यता बरीच असते.

५. जमीन

सातबारा आणि फेरफार पाहिलेल्या माणसाला हे दप्तर परकं वाटणार नाही. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशामुळे गेली, याची साखळी जुळवायची.

आधी राज्य कोणत्या पद्धतीचं ते पाहा. ओहायो नदीच्या उत्तरेला, इंडियाना, इलिनॉय वगैरे भागात, केंद्र सरकारने जमीन चौकोनी तुकड्यांत मोजून विकली. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, एकेक ६४० एकरांचा. त्या सनदा जनरल लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर नावाने मिळतात. व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात मात्र चतुःसीमा लिहिलेल्या आहेत: अमक्या ओढ्याच्या मुखाजवळच्या पांढऱ्या ओकपासून ईशान्येला इतके पोल, तिथून अमक्याच्या कोपऱ्यावरच्या हिकरीपर्यंत इतके पोल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर दोन पोल बाय दोन पोल. हे लक्षात ठेवलं की क्षेत्राचा अंदाज पटकन येतो. चतुःसीमेवरून आकृती काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आलेखाच्या कागदावरही जमतं. शेजारपाजारचे तुकडे एकमेकांना जोडून पाहा. कुणाची जमीन कुणाला लागून होती हे त्यातून दिसतं आणि लग्नं बहुतेक तिथेच ठरत.

केंटकीत जमीन मिळण्याचे चार टप्पे होते: वॉरंट (अमुक एकर जमिनीचा हक्क देणारा कागद), एंट्री (ठरावीक जागेवर दावा नोंदवणं), मोजणी आणि सनद. चारही टप्प्यांचे कागद वेगळे, आणि मधल्या टप्प्यावर वॉरंट दुसऱ्याला विकता येत असे. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने १ जानेवारी १७७८ पूर्वी येऊन वसलेल्यांना चारशे एकरांचा हक्क आणि लगतच्या हजार एकरांवर खरेदीचा पहिला हक्क दिला. म्हणून ज्या पूर्वजाकडे असं वसाहतीचं प्रमाणपत्र सापडतं, तो त्या तारखेआधी इथे होता किंवा त्याने तो हक्क विकत घेतला होता.

स्पेलिंगसाठी अडून बसू नका. लिंकनच्या आजोबांची, कॅप्टन अब्राहम लिंकन यांची, जेफर्सन काउंटीत लाँग रनवर चारशे एकर जमीन होती. तिच्या कागदावर आडनाव ‘लिंकहॉर्न’ असं आहे. कारकुनाने कानाला ऐकू आलं ते लिहिलं. आडनाव मोठ्याने, वेगवेगळ्या उच्चारांनी म्हणून पाहा आणि सुचतील तितकी रूपं सूचीत शोधा.

मोजणी ढिसाळ होती आणि एकाच जमिनीवर दोन-तीन सनदा चढलेल्या असत. याच कारणाने बूनने स्वतःच्या जमिनी गमावल्या. थॉमस लिंकनच्या केंटकीतल्या तिन्ही शेतांना हक्काची भानगड लागली. त्यांतल्या नॉब क्रीकवरच्या शेतावरून त्याच्यावर आणि शेजाऱ्यांवर बेदखलीचा दावा झाला. १८१६ साली घर इंडियानात हललं ते मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या कटकटीमुळे आणि काही अंशी गुलामगिरीमुळे, असं पुढे लिंकननेच लिहिलं. पुढच्या वर्षी थॉमसने व्हिन्सेन्सच्या सरकारी लँड ऑफिसमध्ये जमीन नोंदवली. आपल्या शोधासाठी हे दावे म्हणजे खजिना आहे. साक्षी द्यायला म्हातारे लोक येत आणि शपथेवर सांगत की माझं वय इतकं, मी अमक्या साली अमक्याबरोबर इथे आलो, हा ओढा तेव्हा या नावाने ओळखला जाई. व्हर्जिनियाच्या चॅन्सरी कोर्टाच्या (जमीन, वारसा असे वाद ऐकणाऱ्या कोर्टाच्या) अशा खटल्यांची सूची लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर आहे. तुमच्या आडनावाचा खटला नसला तरी त्याच ओढ्यावरच्या लोकांचे खटले उघडा.

खरेदीखत वाचताना रक्कमही पाहा. जमीन एक डॉलरला किंवा ‘प्रेम आणि मायेपोटी’ दिली असेल तर घेणारा बहुधा मुलगा किंवा जावई. बायकोचं नाव शेवटी, तिने आपला विधवाहक्क सोडल्याच्या नोंदीत सापडतं. बरेच जण पहिलं पान वाचून थांबतात आणि तिथेच आईचं नाव हातचं जातं.

६. लग्नाचा बाँड, मृत्युपत्र, वारसा

व्हर्जिनिया आणि केंटकीत नवरदेव एका जामीनदारासह बाँड, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचं हमीपत्र, लिहून देत असे. बाँडची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे. थॉमस आणि नॅन्सीचा बाँड १० जूनचा आणि लग्न १२ जूनचं. जामीनदार नीट पाहा. तो बहुधा मुलीचा बाप, भाऊ किंवा पालक. नॅन्सीच्या बाँडवर रिचर्ड बेरीने पालक म्हणून सही केली आहे. तिचा बाप तिथे नाही.

मृत्युपत्रात सगळी मुलं असतीलच असं नाही. ज्याला आधीच जमीन देऊन झाली त्याचं नाव गाळलेलं असतं. कॅप्टन अब्राहम १७८६ साली मारले गेले. व्हर्जिनियात थोरल्या मुलाला सगळी जमीन देणारा जुना कायदा १७८७ च्या सुरुवातीला संपला, म्हणजे ते वारले तेव्हा तो अजून लागू होता. त्यामुळे जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस रिकाम्या हाताने राहिला. कायदा ठाऊक नसेल तर ‘थॉमसला काही मिळालं नाही, म्हणजे तो मुलगाच नसावा’ असा उलटा निष्कर्ष निघतो. अब्राहम जेफर्सन काउंटीत वारले, पण त्यांच्या मालमत्तेची यादी नेल्सन काउंटीच्या दप्तरात आहे.

न्यू इंग्लंडचं नातं सुटलं तेही वारशाच्या कागदांवरून. १७३६ साली वारलेल्या मॉर्डेकायने मृत्युपत्रात न्यू जर्सीतली जमीन जॉन या मुलाला ठेवली होती. पुढे जॉनने ती विकली, त्या खरेदीखताने व्हर्जिनियातला जॉन आणि पेनसिल्व्हेनियातला मॉर्डेकाय हे बाप-लेक असल्याचं पक्कं झालं. तिथून मागे मॅसॅच्युसेट्सपर्यंत, १६३७ साली इंग्लंडहून येऊन हिंगहॅमला राहिलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत साखळी जुळली. नावांच्या सारखेपणाने जे सुटलं नव्हतं, ते जमिनीच्या एका तुकड्याने सुटलं.

त्या मृत्युपत्राची तारीख २२ फेब्रुवारी १७३५/६ अशी आहे. १७५२ पूर्वी ब्रिटिश वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखा अशा दुहेरी लिहीत. आपल्या हिशेबाने ते १७३६. याकडे लक्ष दिलं नाही तर बाप वारल्यावर वर्षभराने मूल जन्मल्याचं दिसू लागतं.

कोर्टाच्या भाषेतल्या आणखी काही खाचा: ‘ऑर्फन’ म्हणजे बाप वारलेलं मूल, आई हयात असली तरी. ‘इन्फंट’ म्हणजे एकविसाच्या आतला कुणीही. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे एकाच नावाचे थोरला आणि धाकटा, ते काका-पुतणे किंवा परकेही असू शकतात. पॉली ही मेरी, पॅट्सी ही मार्था, सॅली ही सेरा, आणि नॅन्सी बऱ्याचदा अ‍ॅन.

मालमत्तेच्या यादीत घोडे, नांगर, पिठाची भांडी यांच्याच ओळीत माणसं येतात, फक्त पहिलं नाव आणि किंमत. गुलामगिरीत ठेवलेल्या या लोकांची नावं त्याआधी इतरत्र कुठे मिळणं कठीण, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांची जनगणनेत नावानिशी पहिली नोंद १८७० ची. आपल्या घराण्याच्या यादीत अशी नावं असतील तर ती पूर्ण उतरवा, पान क्रमांकासह सार्वजनिक ठिकाणी ठेवा. त्यांचे वंशज नेमकं हेच पान शोधत असतात. आणि तुम्ही ज्यांचं घराणं शोधता आहात ते स्वतः गुलामगिरीतून आलेलं असेल, तर १८७० च्या मागे जाण्याची वाट मालकाच्या या कागदांतूनच जाते.

७. क्रांतियुद्धाची पेन्शन

क्रांतियुद्ध म्हणजे ब्रिटिशांविरुद्धचं अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. पूर्वज १७६५ च्या आधी जन्मला असेल तर त्यातल्या सैनिकांच्या पेन्शनची फाइल हमखास शोधा. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने लढलेल्या प्रत्येकाला अर्ज करता येत होता. त्यात ठरलेले प्रश्न होते: जन्म कुठे, कोणत्या साली, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात. म्हणजे त्याचा सगळा प्रवास त्याच्याच तोंडून मिळतो. विधवेच्या अर्जात लग्नाचा पुरावा जोडावा लागे, म्हणून कधीकधी बायबलची फाडलेली पानंच फाइलमध्ये असतात. पेन्शन नाकारली गेली असेल तरी फाइल पाहा. स्वतःचा पूर्वज लढला नसेल तर त्याच्या शेजाऱ्यांच्या फाइली पाहा. तो साक्षीदार म्हणून आलेला असतो.

८. शेजारी आणि सोयरे

डोंगर कुणी एकट्याने ओलांडत नसे. व्हर्जिनियातल्या एका ओढ्यावरची पाच-सहा कुटुंबं केंटकीतल्या एका ओढ्यावर एकत्र दिसतात. तुमच्या पूर्वजाचं मूळ सापडत नसेल तर साक्षीदार, जामीनदार, मालमत्तेचं मूल्य ठरवणारे आणि लगतचे जमीनमालक यांची यादी करा, आणि त्यांतल्या सर्वांत दुर्मीळ आडनावाच्या माणसाचा मागचा मुक्काम शोधा. स्मिथच्या मागे लागण्यापेक्षा त्याचा शेजारी असलेला वेगळ्या आडनावाचा माणूस पटकन सापडतो आणि स्मिथही तिथेच भेटतो.

लायमन ड्रेपर यांनी एकोणिसाव्या शतकात जमवलेली सरहद्दीवरच्या लोकांची पत्रं आणि मुलाखती विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. त्यांच्या मायक्रोफिल्म प्रती मोठ्या वाचनालयांत मिळतात. वाचायला वेळ लागतो, पण वाचा.

९. एकाच नावाची दोन माणसं

राष्ट्राध्यक्षांचे वडील थॉमस, आणि राष्ट्राध्यक्षांच्या चुलत आजोबांपैकी एक थॉमस, तेही केंटकीतलेच. मॉर्डेकाय तर तीन पिढ्यांत भेटतात. अशा वेळी प्रत्येक कागदासमोर चार गोष्टी लिहा: ओढा कोणता, बायकोचं नाव काय, सही करतो की फुली मारतो, आणि साक्षीदार कोण. दोन वेगळी माणसं त्यातून आपोआप अलग होतात. हे करण्याआधी कुणालाही वंशावळीत बसवू नका.

१०. डीएनए शेवटी

नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत बरी मदत करते, त्यापुढे धूसर होते. आडनावाच्या सरळ पुरुष वंशासाठी वाय-डीएनए, आई-आजी-पणजी या ओळीसाठी मायटोकाँड्रियल. नॅन्सी हँक्सच्या आईबद्दल अभ्यासकांत दोन तट होते; २०१५ साली मातृवंशाच्या डीएनएवरून झालेल्या अभ्यासाने नॅन्सीची आई ल्यूसी हँक्स आणि ल्यूसी ही जोसेफ आणि अ‍ॅन ली हँक्स यांची मुलगी असल्याच्या बाजूने निष्कर्ष दिला. नॅन्सीचे वडील कोण, हे मात्र अजून ठरलेलं नाही, आणि जबाबदार वंशावळींत ती जागा रिकामी ठेवतात. तुमच्याही वंशावळीत अशी जागा राहिली तर ती रिकामीच ठेवा, शेजारी ‘संभाव्य’ म्हणून नाव आणि कारणं लिहा.

११. कोर्टहाउसला जाताना

फॅमिलीसर्चवर काय आहे ते आधी पूर्ण पाहून घ्या. हस्तलिखित दप्तरांतला मजकूर शब्दाने शोधायची सोयही आता तिथे आहे. जे नाही त्याच्यासाठीच जा. काउंटी क्लर्कच्या ऑफिसला आधी फोन करून विचारा की जुनी पुस्तकं तिथेच आहेत की राज्याच्या अभिलेखागारात हलवली, फोटो काढू देतात का, प्रतीचे किती पैसे घेतात. लहान गावांत ऑफिस जेवणाच्या वेळी बंद असू शकतं. खरेदीखतांच्या दोन सूच्या असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा, आणि आडनावासमोर ‘आणि इतर वारस’ असं काही दिसलं तर ते खत सर्वांत आधी मागवा, कारण त्यात सगळ्या भावंडांची आणि जावयांची नावं एकत्र असतात. पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. फोटो काढताना आधी पुस्तकाच्या कण्यावरचं नाव आणि खंड क्रमांक घ्या, मग सूचीचं पान, मग नोंद, आणि नोंदीच्या मागची-पुढची दोन-दोन पानंही घ्या, कारण एकाच दिवशी कोर्टात आलेले शेजारी तिथेच सापडतात.